आळस म्हणावे कशाला?



कीर्तनात शेजारच्याला डुलकी लागली की आपण कोपराने हळूच ढोसतो. त्यात वावगे काही नाही. पण तीच बाई दुसऱ्या दिवशी हरिपाठात पेंगली, तिसऱ्या दिवशी काकड्याला उठलीच नाही, दिंडीत चार पावले मागे राहू लागली, की मग कोपराचे काम जीभ करू लागते. ‘तमोगुण वाढला,’ ‘संसारात मन अडकले,’ ‘आता पहिल्यासारखी राहिली नाही.’ बोलणारी माणसे वाईट नसतात. रोज नेमाने चालणारी, माळकरीच असतात. म्हणूनच या बोलण्याचा विचार करायला हवा.

अमळनेरकडच्या एका मावशींचे उदाहरण माझ्यासमोर आहे. सखाराम महाराजांच्या वाडीतला वैशाखातला उत्सव त्यांनी कधी चुकवला नाही. बारा वर्षे तुळस डोक्यावर घेऊन पंढरीला चालल्या. पंचेचाळिशी ओलांडली आणि हळूहळू बाईच बदलली. खानदेशातला वैशाख आपल्याला ठाऊक आहे. भुसावळ, जळगाव, धुळे सगळीकडे माणूस सावली शोधतो, पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दिवसांत या मावशी रात्री गोधडी मागत. आवाज घोगरा झाला, अभंगाची चाल वर जाईना. चेहरा सुजल्यासारखा, केस विंचरताना फणीत पुंजका येई, बोलता बोलता शब्द हरवे. जेवण पहिल्यापेक्षा कमी आणि वजन मात्र वाढतेच. कोणी विचारले तर म्हणत, “काय करू बहीण, अंगमा जीवच नही.” दोन वर्षे दृष्ट काढणे, काढे, नवस यांत गेली. शेवटी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने त्यांचा चेहरा आणि संथ बोलणे पाहून रक्त तपासायला लावले. जो आकडा साधारण चार-साडेचारच्या आत असायला हवा, तो साठाच्या वर निघाला.

गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. पुस्तकात तिला अवटू म्हणतात. आपण सगळे थायरॉईडच म्हणतो. तिचे वजन असते पंधरा-वीस ग्रॅम. एवढीशी ग्रंथी जो रस रक्तात सोडते, त्यावर अंगाची ऊब, हृदयाची गती, पोटाचे पचन, मनाची तरतरी हे सगळे चालते. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी तिला हाक देत असते. थायरॉईड जितकी मंद, तितकी हाक मोठी. म्हणून रिपोर्टात टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की ‘थायरॉईड वाढला’ असे लोक म्हणतात, प्रत्यक्षात मात्र ग्रंथी थकलेली असते. कधी उलटेही होते: ग्रंथी गरजेपेक्षा जास्त धावते, झोप उडते, हात कापतात, छाती धडधडते, खाऊनही माणूस वाळतो. अशा एखाद्याला आपल्याकडे ‘अंगात वारे आले’ म्हणतात, नाहीतर ‘वैराग्य चढले’ म्हणून त्याच्या पायाही पडतात. एकाला दोष चिकटवला, दुसऱ्याला मोठेपण दिले, आणि दोघांच्याही गळ्याकडे कोणी पाहिले नाही.

आता मूळ प्रश्न. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुणाची ओळख सांगताना प्रमाद, आळस आणि निद्रा यांची नावे येतात. प्रवचनात आपण ती वर्षानुवर्षे ऐकतो. थायरॉईड मंदावलेल्या माणसाची लक्षणे या यादीशेजारी ठेवून पाहा. झोप येते, विसर पडतो, काम पुढे ढकलले जाते, मन जड होते. दोन्ही याद्या इतक्या सारख्या की बाहेरून पाहणाऱ्याने काय ओळखावे?

आपल्या शास्त्राने मात्र इथे गल्लत केलेली नाही. पतंजलींनी योगसूत्रात साधनेतले नऊ अडथळे मोजले आहेत. त्यांत व्याधी अगदी पहिली, चित्ताचे जडपण तिच्यापाठोपाठ, आणि आळस आणखी पुढे, वेगळा. तीन वेगळी नावे आहेत, कारण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याधी आणि आळस एकच असते तर दोनदा मोजायचे कारण नव्हते. आपण मात्र तीन खोल्यांचे घर एकच समजून सरसकट एकच कुलूप लावतो.

मग फरक ओळखायचा कसा? पूर्वी मला एक खूण पुरेशी वाटे. आळशी माणसाला आपल्या आळसाची टोचणी नसते, आजाऱ्याला असते. आळशी म्हणतो ‘उद्या पाहू’, आजारी म्हणतो ‘मला करायचे आहे, होत नाही.’ खूण चांगली आहे, पण ती शेवटपर्यंत पुरत नाही. या आजारात कधी कधी मन इतके खाली जाते की ती टोचणीही विझते. माणसाला कशाचेच काही वाटेनासे होते. म्हणजे आतली खूणही आजार पुसून टाकू शकतो. अशा वेळी निवाडा करण्याचा अधिकार ना शेजाऱ्याला उरतो, ना त्या माणसाला स्वतःला. तिथे रक्ताची एक बाटली आपल्यापेक्षा प्रामाणिक साक्ष देते. सहा-सात महिने एखाद्याची तरतरी हरवली असेल, तर उपदेश करण्याआधी तपासणी करा म्हणावे. उपदेश कुठे पळून जात नाही.

प्रारब्धाचेही असेच. ‘भोग आहे, भोगूनच संपवायचा’ हे वाक्य आपल्या तोंडी बसलेले आहे. स्वतःपुरते म्हणाल तर त्याने धीर येतो. गोळी घेऊन, तपासणी करून, जे उरेल ते शांतपणे सोसायला त्या वाक्याची मदत होते. पण तेच दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभे राहून म्हटले की त्याचा अर्थ होतो: तू काहीतरी केले असशील. माझे मत स्पष्ट आहे. प्रारब्ध हा शब्द फक्त स्वतःसाठी वापरावा. शेजारणीसाठी पाण्याचा तांब्या वापरावा. आणि या आजारात पाप शोधायचे कुठे? आज आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचल्यावरही ज्यांची ग्रंथी मंदावते, त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत शरीराच्या रक्षक पेशीच तिला परके समजून तिच्यावर तुटून पडतात. बायकांत हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. राखणदारानेच घरधनी ओळखला नाही, यात घरधन्याचा दोष कोणता?

मिठाची गोष्ट निघालीच आहे तर थोडे सांगतो. डोंगराळ भागात पावसाने मातीतले आयोडीन धुऊन जाते, मग अन्नात ते उतरत नाही, आणि गळ्याला गाठ येते. तिला जुन्या वैद्यकात गलगंड म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याशी हे प्रमाण फार होते, पण मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्राच्या काही भागांतही ते होते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गंमत अशी की माणसाला दिवसाला लागते अवघे १५० मायक्रोग्रॅम. जन्मभराचे आयोडीन एका चमच्यात मावेल. गरोदर बाईला थोडे जास्त लागते, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू त्यावर घडतो. एका चमच्याच्या अभावी गावच्या गाव मंद झाले आणि त्यांना लोक जन्माने मंद समजत राहिले.

आपल्या घरांत एकादशीला सैंधव वापरतात. उपवासापुरते ते ठीक. पण हल्ली काही घरांत ‘शुद्ध’ म्हणून रोजच्या भाजीतही सैंधवच पडते. त्यात पुरेसे आयोडीन सहसा नसते. पंधरा दिवसांतून एकदा सैंधव, एरवी साधे आयोडीनचे मीठ, हे सोपे आहे. मात्र ग्रंथी एकदा मंदावल्यावर मीठ वाढवून ती जागी होईल असे समजू नये. तिथे गोळीच लागते.

आणि गोळी म्हटले की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न: “जन्मभर?” बहुतेकांना होय, जन्मभर. यात लोकांना गुलामी वाटते. मला तसे वाटत नाही. ही गोळी बाहेरून आणलेले विष नव्हे. शरीर जो रस स्वतः करत होते, तोच ती भरून देते. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या डॉ. मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. हातपाय सुजलेली, बोलणे जड झालेली ती बाई पुढे २८ वर्षे जगली. त्याआधी अशा माणसाला वाचवायला काही नव्हते. आपण भाकरीही जन्मभर खातो, तिला कोणी गुलामी म्हणत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ही गोळी एक-दोन दिवस चुकली तरी काही जाणवत नाही, कारण तिचा निम्मा अंश रक्तात आठवडाभर टिकतो. म्हणून माणसाला वाटते, सोडून पाहू. पंधरा दिवस बरे जातात. मग महिन्या-दीड महिन्याने जुने जडपण हळूच परत येते, आणि तोवर गोळी सोडल्याचे विसरलेलेही असते. ‘माळ घातली, आता गोळी कशाला’ म्हणणारे मी पाहिले आहेत. नेम म्हणजे काय हे वारकऱ्याला कोणी शिकवायला नको. ज्याचे फळ आज दिसत नाही तेही रोज करायचे, हेच तर आपण हरिपाठात करतो. पहाटे उठावे, रिकाम्या पोटी पाण्याबरोबर गोळी घ्यावी, अर्धा-पाऊण तास चहा टाळावा. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर त्या चार तासांनी. डोस डॉक्टरांनी ठरवायचा. तो बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त. शेजारणीचा डोस आपल्याला लागू पडत नाही, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर मनाने एक कणही वाढवू नये.

एकादशीला गोळी चालते का, हे मला निदान दहा जणींनी विचारले असेल. धर्मशास्त्रात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध त्यांत आहेत, आणि यादीचा शेवट औषधाने होतो. निर्जला करणारीनेही त्या दिवशीचा एक घोट गोळीसाठी घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब जोडीला असेल तर निर्जला करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. विचारणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असेच सांगितले आहे.

आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे, आणि तिथून फार दूर नाही ते कोथळी-मेहूण, मुक्ताईचे ठिकाण. कथेप्रमाणे चांगदेवांनी योगबळाने देह चौदाशे वर्षे टिकवला. मुक्ताईला अवघी अठरा वर्षे मिळाली. शिकवले कोणी, शिकले कोण, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण या कथेवरून देहाची हेळसांड करावी असे जे काढतात, ते मला पटत नाही. चांगदेवांचे चुकले ते देह राखण्यात नव्हे, राखलेल्या देहाचा अभिमान धरण्यात. गोळी घेणाऱ्या बाईला कसला अभिमान? तिला फक्त पुन्हा टाळ धरता यायला हवा आहे.

उपचार सुरू झाल्यावरही सगळे पहिल्यासारखे होतेच असे नाही. मावशींचा आवाज बराच उघडला, गोधडी सुटली, पण एका दिवसात वीस किलोमीटर चालणे आता त्यांना जमत नाही. सांधे धरतात. त्या टप्प्याटप्प्याने गाडीत बसतात आणि बसताना मान खाली घालतात. त्यांना कूर्मदासांची आठवण करून द्यावीशी वाटते. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून सरपटत निघाले आणि लऊळपर्यंतच पोचले. पुढे जाणे झाले नाही. त्यांनी वारकऱ्यांजवळ देवाला निरोप धाडला आणि देव तिथे आला. कथा सांगताना आपण देव आला यावर भर देतो. मला त्यातले दुसरे पात्र मोठे वाटते: निरोप नेणारे वारकरी. ते चालू शकत होते, पंढरी गाठू शकत होते, आणि तरी त्यांनी ‘तुझाच भाव कमी पडला’ असे म्हटले नाही. निरोप घेतला आणि पोचवला.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते. मानाच्या पालख्यांत सर्वांत लांबच्या वाटेने येणाऱ्यांपैकी ती एक. इतके दिवस चालायचे म्हणजे गोळ्यांची पाकिटे मोजून, वर आठवड्याची जास्त घेऊन, पावसाने भिजणार नाहीत अशी बांधावी लागतात. सामानाच्या ट्रकात नव्हे, खांद्याच्या पिशवीत, गोपीचंदन आणि बुक्क्याच्या डबीशेजारी. आमच्या ओळखीच्या एका दिंडीत पहाटे तीनला चोपदार पाण्याची कळशी घेऊन राहुट्यांमधून फिरतो. ज्याला हवे तो पेला पुढे करतो. चहा पाऊण तासाने येतो. कोणाला कशासाठी पाणी लागले, हे तो विचारत नाही.