विहिरीतला एक सेकंद

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळी जाऊन उभं राहावं. हमाल गुडघ्यात वाकतो, दोघं मिळून त्याच्या पाठीवर पोतं देतात, आणि भार आला की त्याच्या पायाची बोटं फरशी घट्ट धरल्यासारखी पसरतात. हळदीनं पिवळी झालेली ती पावलं बघताना वजन म्हणजे काय ते मला उमगलं. पृथ्वी पोत्याला खाली ओढते, हा अर्धा भाग. हमालाची पाठ आणि तिच्याखालची जमीन त्याला अडवते, हा उरलेला अर्धा. आपल्याला जाणवतं ते हे अडवणंच. नुसती ओढ कधी जाणवत नाही.

विहिरीत उडी मारणाऱ्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. आमच्या मळ्यातल्या विहिरीत काठापासून पाणी पंधरा-सोळा फुटांवर असायचं. पाय सुटला की पोटात खड्डा पडायचा, आणि पाण्याला लागेपर्यंतच्या त्या एका सेकंदात अंगाला वजनच नसायचं. पृथ्वी तर तेव्हाही पुरेपूर ओढत होती! अडवायला कुणी नव्हतं, एवढंच. बाटलीच्या बुडाशी भोक पाडून पाणी भरा, धार लागली की गच्चीवरून ती खाली सोडून द्या. पडताना धार थांबते. पाणी आणि बाटली बरोबरीनं पडतात, मग पाणी बुडावर रेलणार कसं?

अंतराळवीर तरंगतात तो हाच सेकंद, न संपणारा. म्हणून ‘तिथं गुरुत्वाकर्षण नसतं’ असं पोरांना शिकवलेलं ऐकलं की मला वाईट वाटतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे; सांगलीहून मुंबई रस्त्यानं जेवढी लांब, साधारण तेवढंच. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून माथ्यावर ५० किलोचं पोतं स्प्रिंगच्या काट्याला टांगलं, तर काटा ४४ किलो दाखवील. ओढ फारशी घटलेली नाही. स्थानक दर सेकंदाला सरळ वाटेपासून चार मीटरांहून थोडं अधिक खाली येतं, आपल्या उडीएवढंच म्हणा ना. पण त्याच सेकंदात ते साडेसात किलोमीटरांहून जास्त पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्यात गोल पृथ्वीही तितकीच खाली वळलेली असते. पडणं चालू राहतं, पाणी कधी येतच नाही.

मग ते पोतं मनोऱ्यावरून स्थानकात नेलं तर? हमालाच्या पाठीवर भार येणार नाही, बोटानंही ते हलेल. पण हलेल सावकाश, आणि एकदा निघालं की थांबवायला तितकाच जोर लागेल. भिंत आणि पोतं यांच्यामध्ये कुणी सापडला तर चेंगरेल. हळद ५० किलोच राहते. हरवतो तो फक्त जमिनीशी असलेला तिचा संबंध.

हा संबंध शरीरालाही लागतो, याचं मला सर्वांत नवल वाटतं. व्यायाम केला नाही तर अंतराळवीराच्या कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याहून जास्त घटू शकते. म्हणून तिथं पट्ट्यांनी स्वतःला जखडून रोज जवळपास दोन तास धावावं लागतं, ताणावं लागतं. जन्मभर ओझं वाहणाऱ्याला हलकेपणा म्हणजे सुख वाटेल, पण त्याच्या हाडांना ते मानवणार नाही. अडवणारं कुणी नसेल तर आपली गरज उरली नाही असंच जणू हाडं धरून चालतात.

अंतराळवीर राकेश शर्मा १९८४ साली ‘सॅल्यूत-७’ या अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी तिथं योगासनांचा प्रयोग करून पाहिला. २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला वीस दिवस अंतराळात राहून आले. परतल्यावर हातातला मोबाइल त्यांना जड वाटला. काम संपवून त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पलंगाच्या कडेला सहज हवेत सोडून दिला, तिथंच तरंगत राहील अशा भरवशानं. तो खाली पडला.