चार पोती पेंड

टेम्पो दारात थांबला आणि पोरानं सरकी पेंडीचं पोतं ओट्यावर टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला आजी पदर खोचून बाहेर आली. "अरे, एकच सांगितलं होतं!"

"मोबाइलवर चार आलीत, आजी," म्हणत त्यानं चौथंही उतरवलं. म्हैस एक, पोती चार, आणि पैसे दुधाच्या बिलातून कापले जाणार.

दूध संस्थेचं ॲप आजीच्याच नातीनं केलेलं. ती डिझाइन शिकून पुण्यात नोकरीला. चेअरमननी गळ घातली म्हणून फुकटात करून दिलं. लिटर, फॅट, एसएनएफ, पेंडीची मागणी, सगळं एका जागी. पांढऱ्या पडद्यावर फिकट राखाडी अक्षरं. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली होती. गोठ्यापुढच्या उन्हात त्यातलं निम्मं दिसत नाही, हे ट्यूबलाइटखाली बसून कुणाला सुचणार?

शनिवारी नात आली ती चिडूनच. "आजी, बटण एकदाच दाबायचं असतं!"

"एकदाच दाबलं की. काहीच झालं नाही. म्हटलं, बोट लागलं नसेल, ओले हात. म्हणून परत दाबलं."

नातीनं फोन घेऊन स्वतः दाबून पाहिलं. रेंज जेमतेम. बटणाचा रंग बदलला नाही, आवाज नाही, काही नाही. तिचंही बोट दुसऱ्यांदा पुढे गेलं. तिनं ते मधेच आवरलं.

आजीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "मतदानाचं यंत्र बघ. निळं बटण दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो, काचेत चिठ्ठी दिसते, लांब पीं वाजतं. मग तू दहादा दाब, मत एकच."

नातीला कॉलेजातला तास आठवला. १९८२ साली केरळातल्या परवूरला हे यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. पुढे त्याला आजचं रूप देण्यात पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा हात होता. एक मत पडलं की अधिकाऱ्यानं आपल्याकडचं बटण दाबेपर्यंत यंत्र दुसरं घेत नाही. चिठ्ठी ७ सेकंद दिसते. परीक्षेत तिनं यावर पानभर लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते.

दोन पोती जावेनं घेतली, एक शेजारी खपलं. रात्री नात ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. अक्षरं काळी ठसठशीत झाली. बटण दाबताच हिरवं होऊन गप्प बसायला लागलं, वर ठळक उमटायचं : '१ पोतं. मागणी पोचते आहे.' पोचली की घंटी.

सकाळी आजीनं मुद्दाम तीनदा दाबलं. घंटी एकदाच वाजली. तिनं मान डोलावली आणि बोट वरच्या कोपऱ्याकडे नेलं.

"आणि ह्या तीन रेघा कसल्या गं?"

"तो मेनू आहे, आजी. सगळ्यांना माहीत असतं."

"मला नाही माहीत," आजी म्हणाली आणि धारेची बादली घेऊन गोठ्याकडे वळली.

नातीनं लॅपटॉप पुन्हा उघडला.