रिचर्ड्स यांचा तराजू

हार्वर्ड विद्यापीठात थिओडोर रिचर्ड्स यांनी अणुभार मोजण्यात उमेदीची वर्षे घातली. क्षार विरघळवायचा, त्याचे स्फटिक पाडायचे, पुन्हा विरघळवायचा. मग हवेतला ओलावा लागू न देता तोलायचा. चांदीच्या क्षाराचा साका खाली बसल्यावर वरच्या पाण्यात जो किंचित धूसरपणा उरे, तोही मोजायला त्यांनी खास उपकरण बनवले. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टच्या आणि इटलीच्या संगमरवरातले कॅल्शियम त्यांनी ताडून पाहिले, तर अणुभार तोच. एका मूलद्रव्याचा एकच अणुभार, या श्रद्धेवरच हे सारे कष्ट उभे होते.

अशात जर्मनीहून माक्स लेम्बर्ट हा तरुण त्यांच्याकडे आला. युरेनियमचे विघटन होत होत शेवटी जे शिसे उरते ते नेहमीच्या शिशाहून हलके असले पाहिजे, असे त्याचे गुरू कासिमीर फायान्स म्हणत होते. ते खरे ठरले, तर रिचर्ड्स यांचा पायाच हलणार होता. तरीही त्यांनी ते शिसे तोलायला घेतले.

साध्या शिशाचा अणुभार २०७.२. उत्तर कॅरोलायनातल्या युरेनियम खनिजातले शिसे भरले २०६.४. मिसळ असेल म्हणून वर्णपट पाहिला. त्यातल्या रेषा शिशाच्याच, जशाच्या तशा. रिचर्ड्स यांच्यासारख्या काटेकोर माणसाला ही तफावत नजरचूक म्हणून सोडून देणे शक्य नव्हते आणि दडवणे तर त्यांच्या स्वभावातच नव्हते. १९१४ साली त्यांनी आणि लेम्बर्ट यांनी आकडे प्रसिद्ध केले. अचूक अणुभारांसाठी रिचर्ड्स यांना नोबेल मिळाले, तेही १९१४ चेच!

शिशाच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात ८२ प्रोटॉन असतात आणि बाहेर ८२ इलेक्ट्रॉन. रासायनिक वागणूक ठरते ती या इलेक्ट्रॉनांवरून. म्हणून दोन्ही शिशांचे क्षार सारखे, साका सारखा; कोणत्याही रासायनिक क्रियेने त्यांना वेगळे काढता येईना. फरक केंद्रातल्या न्यूट्रॉनांचा. युरेनियमपासून झालेल्या शिशात ते बहुतांशी १२४. साध्या शिशात १२४, १२५, १२६ अशा अणूंचे मिश्रण, आणि थोडे १२२ वाले. हेच समस्थानिक. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. रिचर्ड्स १९२८ मध्येच गेले होते.

कारण हाती नसतानाही त्यांनी तोलणे थांबवले नाही. पुढे नॉर्वेतल्या अधिक शुद्ध युरेनियम खनिजातले शिसे त्यांनी घेतले. आकडा आला २०६.०८.