सांधा आणि सचोटी

जुने जसेच्या तसे जपावे, की त्याला नवे जोडून ते चालते ठेवावे, हा प्रश्न माणसाला फार प्राचीन काळापासून छळीत आला आहे. वास्तू, वाद्ये आणि चित्रे यांच्या संदर्भात विद्वानांनी त्याचा पुष्कळ ऊहापोह केलेला आहे. परंतु जेथे तत्त्वज्ञान शोधावयास सहसा कोणी जात नाही, अशा एका ठिकाणी, म्हणजे मोटारींच्या गॅरेजात, हाच प्रश्न हातात कापण्याचे यंत्र घेऊन सोडविला जातो. अमेरिकेतील जुन्या पिकअप गाड्यांचे शौकीन आपल्या गाडीच्या सांगाड्याचा पुढचा भाग कापून टाकतात आणि त्या जागी नंतरच्या काळातील एखाद्या मोटारीचा पुढचा भाग जोडतात. वरून पाहिले तर हा केवळ यंत्रकामाचा विषय आहे. थोडे खोल गेले म्हणजे मात्र त्यात वस्तूची ओळख, परक्या माणसाविषयीचे कर्तव्य आणि सत्य या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या दिसतात. म्हणून या कामाचा थोडा तपशिलाने विचार करावा असे आम्हांला वाटते.

प्रथम ती गाडी समजून घेऊ. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यात, शेव्हरोले कंपनीने पिकअप गाड्यांची एक नवी मालिका बाजारात आणली. १९५५ च्या आरंभापर्यंत ती निघत होती. गोलसर बोनेट, फुगीर मडगार्ड आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, असे तिचे रूप आजही अमेरिकन माणसाच्या मनात ठसलेले आहे. धान्याची पोती, कुंपणाचे खांब, दुभती जनावरे असे सारे तिने वाहिले. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे होते. पुढची दोन्ही चाके एकाच जाड पोलादी आसाच्या दोन टोकांना बसविलेली असत आणि तो आस पाट्यांवर टेकलेला असे. बैलगाडीच्या आसाशी त्याचे नाते जवळचेच म्हणावयास हवे. ही रचना दणकट होती आणि शेतावरच्या कामाला पुरेशीही होती.

पण रस्ते बदलले. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीचा कायदा १९५६ सालचा. म्हणजे ही गाडी जन्मली तेव्हा ते महामार्ग अस्तित्वातच नव्हते. आज तीच गाडी त्यांवरून न्यायची, तर तिच्या मर्यादा उघड्या पडतात. एक चाक खड्ड्यात गेले की आस तिरपा होतो आणि त्याचा हिसका दुसऱ्या चाकाला बसतो. स्टिअरिंग जड असते. ब्रेक जुन्या ड्रमच्या पद्धतीचे असतात आणि उतारावर वरचेवर दाबावे लागले की तापून त्यांची पकड कमी होते. मालकाला गाडी प्रिय असली, तरी समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव त्याच ब्रेकवर अवलंबून असतो.

यावर जो उपाय रूढ झाला, तो म्हणजे शेव्हरोलेच्याच कॅमेरो या मोटारीचा पुढचा सांगाडा. १९७० ते १९८१ या काळात निघालेल्या कॅमेरोचा पुढचा भाग स्वतंत्र चौकटीवर उभा असून ती चौकट मोटारीच्या अंगाला बोल्टांनी जोडलेली असे. त्यामुळे अपघातात निकामी झालेल्या मोटारीची चौकट भंगारवाल्याकडून अखंड मिळू शके. तिच्यावर प्रत्येक चाक आपापले वरखाली होते आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. पॉवर स्टिअरिंगही पुष्कळदा आयतेच हाती येते.

काम मात्र सोपे नाही. गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर चढवून पाण्याच्या पातळीने समतल करावी लागते. ओळंबा सोडून पुढच्या चाकाचा मध्य आणि सांगाड्यावरील ठरावीक खुणा फरशीवर उतरवून घेतात. मधोमध एक रेषा आखतात आणि कर्ण मोजून ठेवतात. त्यानंतरच चालकाच्या पायांपुढील पोलादी पडद्याच्या सुमारास जुना सांगाडा कापला जातो. नवी चौकट पुढे आणून आधी थोड्या टाक्यांनी अडकवितात आणि पुन्हा सर्व मापे घेतात. उष्णतेने लोखंड वाकू नये म्हणून वेल्डिंगही सलग करीत नाहीत, एकदा या बाजूस तर एकदा त्या बाजूस असे तुकड्यातुकड्याने पुरे करतात. जुन्या गाडीच्या सांगाड्याची पट्टी एका बाजूने उघडी, नवी चौकट मात्र पेटीसारखी बंद. म्हणून सांध्यावर बाहेरून जाड पत्रे चढवून दोहोंचे बळ जुळवावे लागते. ज्याने येथे आळस केला, त्याची गाडी कायमची एका अंगाला ओढते. ज्याने वेल्डिंगच कच्चे ठेवले, त्याची गाडी एखाद्या दिवशी महामार्गावर दुभंगू शकते.

आणि एवढ्याने काम संपत नाही. जुन्या पिकअपचे चाक सहा बोल्टांचे, कॅमेरोचे पाच. पुढे एक आणि मागे दुसरे असे चाक ठेवले तर राखीव चाक एकच पुरत नाही. म्हणून मागचा आसही बदलावा असे वाटू लागते. पण १९५४ पर्यंतच्या या गाड्यांत मागच्या आसाला गती पोचविणारा दांडा एका बंद नळीत असून ती नळी थेट गिअरबॉक्सला जोडलेली असे. तेव्हा आस बदलला की गिअरबॉक्स बदलणे आले, आणि गिअरबॉक्सला हात घातला की इंजिन तरी जुने का ठेवावे, असे मन म्हणते. एका सुधारणेने दुसरीला हाक मारावी, दुसरीने तिसरीला, आणि अखेरीस केबिन व हौदा एवढेच मूळचे उरावे, असे येथे वारंवार घडते. कोणत्याही बदलाचा विचार करताना त्याच्यामागे रांगेत उभे असलेले बदलही मोजावेत, हा धडा गॅरेजाबाहेरही उपयोगी पडण्यासारखा आहे.

आता मूळ प्रश्न उभा राहतो: ही गाडी तीच राहिली का? मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला जवळपास हेच विचारतो. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी मान्य करतो की, या साऱ्यांच्या आधाराने ठेवलेले नाव म्हणजे रथ. ग्रीकांकडे प्लूटार्कने थीसियसच्या तीस वल्ह्यांच्या नौकेची कथा सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ती जपली. कुजलेली फळी काढावी आणि तिच्या जागी नवी बसवावी, असे करता करता नौका तीच की निराळी, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. पुढे १६५५ साली थॉमस हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांची पुन्हा नौका बांधली, तर खरी नौका कोणती?

हॉब्जचा पेच पुस्तकी वाटतो, परंतु गॅरेजात तो प्रत्यक्ष घडू शकतो. कापून काढलेला जुना आस, पाटे आणि सांगाड्याचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. दुसरा एखादा शौकीन आपली गाडी मुळासारखी करण्यासाठी नेमके तेच घेऊन जातो. तेव्हा १९५० सालच्या त्या गाडीचे पुढचे पाय एका गाडीखाली आणि तोंड दुसऱ्या गाडीवर, अशी स्थिती होते. यावर निव्वळ द्रव्याचा हिशेब करून उत्तर मिळत नाही.

आम्हांला वाटते, वस्तूची ओळख तिच्या द्रव्यापेक्षा तिच्या हेतूत अधिक असते. पिकअप ही ओझे वाहून सुखरूप पोचविण्यासाठी घडविली गेली. धूळ खात उभी असलेली अखंड गाडी आणि नव्या पायांवर रोज रस्ता कापणारी गाडी यांत दुसरी आपल्या हेतूशी कमी एकनिष्ठ आहे, असे म्हणता येणार नाही. पण याची दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. मूळ स्थितीतील गाडी ही एक साक्ष असते. त्या काळच्या कारागिराला काय ठाऊक होते, त्याने कोठे काटकसर केली आणि कोणता रस्ता डोळ्यांसमोर ठेवला, हे त्या आसावर वाचता येते. सांगाडा कापला की त्या साक्षीतील एक पान फाटते. ज्या गाड्या गंजून अर्ध्या संपल्या आहेत त्यांचे पान आधीच फाटलेले असते. त्यांना नवा सांगाडा देणे म्हणजे भंगारातून सोडविणे होय. मात्र धडधाकट, अखंड राहिलेली गाडी केवळ हौसेखातर कापणे ही वेगळी गोष्ट आहे. एकच कृती एका गाडीवर उपकार आणि दुसरीवर अन्याय ठरू शकते.

येथे परत फिरता येण्याचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. कॅमेरोची चौकट बसविण्यासाठी जुना सांगाडा कापावाच लागतो, आणि कापलेले लोखंड पूर्ववत होत नाही. याउलट फोर्डच्या जुन्या एफ-१०० पिकअपचे मालक अलीकडे क्राउन व्हिक्टोरिया या मोटारीचा पुढचा भाग पसंत करतात. पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली ही मोटार २०११ साली बंद झाली. २००३ पासूनच्या तिच्या मॉडेलांत पुढची सर्व रचना एका ॲल्युमिनियमच्या आडव्या तुळईवर बसविलेली आहे आणि ती तुळई बोल्टांनी जोडता येते. तिच्यासाठीही जुनी आडवी पट्टी काढावी लागते आणि भोके पाडावी लागतात, हे खरे. तरी सांगाड्याच्या मुख्य पट्ट्या बहुतांशी शाबूत राहतात. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या तुरीन सनदेतही हीच दृष्टी आहे: बदल शक्यतो परत फिरविता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत.

या सावधगिरीमागे नम्रता आहे. एके काळी कॅमेरो ही भंगारवाल्याकडे सहज मिळणारी वस्तू होती. तिचे पुढचे अंग कापून नेताना कोणाला हळहळ वाटण्याचे कारण नव्हते. आज त्याच कॅमेरो मूळ रूपात जपणारे लोक आहेत. आजचे टाकाऊ उद्याचे मोलाचे ठरते, हे ठरविण्याचा अधिकार एकट्या आपल्या पिढीकडे नाही. म्हणून जे परत फिरविता येते त्याचा निर्णय सहज घ्यावा. जे फिरविता येत नाही, तेथे मात्र दोनदा थांबून विचार करावा.

परंतु सर्वांत मोठा नैतिक प्रश्न कापण्याचा नाही, लपविण्याचा आहे. वेल्डिंगचा उंचवटा घासून सपाट केला, वर रंग चढविला की सांधा दिसेनासा होतो. शोभेसाठी अति घासलेला सांधा दुबळाही होऊ शकतो. म्हणजे येथे लपविण्याची किंमत थेट बळाने मोजावी लागते. अशी गाडी पुढे विकली जाते. विकणाऱ्याने सांगितले नाही, तर घेणाऱ्याला ब्रेकचे सुटे भाग कोणत्या गाडीचे मागावेत हेही कळत नाही. मग सांधा तपासावा हे त्याला कोठून सुचणार? कायद्याने आपल्यापुरते उत्तर ठरविलेले आहे. अमेरिकेत १९८१ पासूनच्या मोटारींना सतरा अक्षर-अंकांचा एकसारखा ओळखक्रमांक असतो, आणि ओळखक्रमांक जाणूनबुजून खोडणे किंवा बदलणे हा तेथे गुन्हा आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी देऊ केली, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली. सांगाडा बदललेली गाडी त्या नावाला पात्र ठरत नाही. नियमाची ही भाषा कोरडी आहे, तरी तिच्यातला आशय योग्यच आहे. जे नाव घ्यायचे, ते आतूनही खरे असावे.

कायदा मात्र क्रमांकापाशी थांबतो. सचोटीला त्याच्या पुढे जावे लागते. कोणत्या मोटारीची चौकट, कोणत्या वर्षाची, कोठे कापली, कोणत्या जाडीचे पत्रे लावले, याची नोंद काढलेल्या भागांच्या यादीसह गाडीच्या कागदपत्रांत ठेवणे काही अवघड नाही. पुढच्या मालकाच्या हातात किल्लीबरोबर तो कागदही पडला, तर ती गाडी कोणालाही फसवीत नाही. ती एवढेच सांगते की, माझे तोंड १९५० चे आहे, पाय १९७५ चे आहेत, आणि दोहोंना जोडणारा सांधा येथे आहे.

थीसियसच्या नौकेवरचा वाद मिटणार नाही, आणि तो मिटविण्याची आम्हांला घाईही नाही. बदल झाला म्हणून कोणतीही वस्तू आपोआप खोटी होत नाही. नव्याचा आधार घेऊन जुने पुढे जाते तेव्हा त्यात लाज वाटण्याजोगे काही नसते. लाज वाटावी ती सांधा नसल्याचे सोंग करताना. ज्याने भक्कम जोडले, जे काढले ते जपले आणि जे केले ते उघड सांगितले, त्याने जुन्या कारागिराचा मान राखला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव राखला आणि पुढच्या मालकाचा विश्वासही राखला. गाडी तीच की वेगळी, हे मग तत्त्वज्ञांनी सावकाश ठरवावे.