स्वस्तातलं बालकल्याण

ऑनलाइन गेमिंगचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. तेव्हापासून पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे पालकसभेत, एसटीत, व्हॉट्सअ‍ॅपवर एक समाधान ऐकू येतं : बरं झालं, सरकारनं मारामारीचे गेम बंद केले, आता पोरं जरा ताळ्यावर येतील. बोलणाऱ्यांत गुरुजी असतात, सरपंच असतात, चार बुकं शिकलेले बापही असतात. कायदा मात्र मारामारीबद्दल अवाक्षर काढत नाही. बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर : रमी, पोकर, पैशांची फॅन्टसी क्रिकेट. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बंदुका घेऊन धावायचे गेम जागच्या जागी आहेत. उलट ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ज्या गेमपायी बाप पोराच्या हातातून फोन हिसकावतो, त्याच जातीच्या गेमची सरकारनं पाठ थोपटली आहे.

एवढा मोठा गैरसमज इतक्या सहज पसरतो, कारण त्याखाली एक जुनी समजूत आहे. बघणारा अजाण असतो, जे बघतो तेच करतो, म्हणून त्याच्यापुढून ते दृश्य उचललं की त्याचं भलं झालं. ही समजूत दीडशे वर्षं आपल्या सरकारांच्या कामी येत आली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : बंदी हे सगळ्यांत स्वस्तातलं बालकल्याण आहे. तिला एक अधिसूचना लागते आणि एक शिपाई. मुलाला रोज जेवायला घालायचं तर रोज खर्च येतो.

नाटकापासून सुरुवात केली तर नाटकांवर बंदी आणणारा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आणि खाडिलकरांचं ‘कीचकवध’ वाचकांना ठाऊकच आहेत, त्यावर शाई खर्चत नाही. एकच गोष्ट नजरेआड होऊ नये. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्या रात्री तिथे प्रयोग होता ‘शारदा’चा, म्हणजे पोरीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याविरुद्धच्या नाटकाचा. बघितल्यानं माणूस बिघडतो हे खरं असतं, तर चौकशी ‘शारदा’ची व्हायला हवी होती. पुढच्याच वर्षी बंदी आली ती खाडिलकरांच्या कीचकावर. साहेबाला रक्ताची धास्ती नव्हती, कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन दिसतो याची होती. पण कारण सांगताना रयत भोळी आहे, चिथावली जाते, असंच सांगायचं. राज्यकर्त्याच्या लेखी अख्खी प्रजा तेव्हा अल्पवयीन होती.

स्वातंत्र्यानंतर प्रजा सज्ञान झाली, निदान मतदानापुरती. तरी मुंबई सरकारनं आल्या आल्या तमाशावर बंदी घातली आणि मग मजकूर तपासून परवानगी द्यायची पद्धत बसवली. नाटकाची संहिता तपासणी मंडळाकडे पाठवण्याची रीत अजून आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी मुंबईत १९६० साली पोलिसांचे नियम आले. त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. पुढे व्हिडिओ गेमची यंत्रं आली, तेव्हा ती याच दप्तरात जाऊन पडली. हे लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

बाहेरच्या जगात तोवर काय चाललं होतं ते भराभर सांगतो. १९७६ मध्ये अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाच्या यंत्रावर गहजब झाला. काड्यांच्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या, एवढाच तो खेळ. १९८१ मध्ये ब्रिटनच्या संसदेत जॉर्ज फूक्स या खासदारानं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ला आवर घालणारं विधेयक आणायची परवानगी मागितली. ९४ विरुद्ध ११४ मतांनी ती नाकारली गेली. त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये मार्कोसनं व्हिडिओ गेमवर सरसकट बंदी घातली. या घटना हिंसेविरुद्धच्या लढ्याची पहिली पानं म्हणून सांगितल्या जातात. ‘डेथ रेस’ सोडला तर ते खरं नाही. तक्रार होती शाळा बुडवण्याची, घरातले पैसे चोरण्याची, दुकानात घोळका करून उभं राहण्याची. परग्रहावरचे किडे मारल्यानं कुणी हिंसक होईल असं फार थोड्यांना वाटत होतं. आक्षेप पडद्यावर नव्हता, पोरगा उभा होता त्या जागेवर होता.

मग आक्षेप जागेवरून पडद्यावर कधी सरकला? इथे थांबायला हवं, कारण हेच वळण सर्वत्र चुकीचं वाचलं जातं. प्रचलित कथा अशी : चित्रं खरीखुरी दिसू लागली, रक्त लालभडक झालं, समाज हादरला, अमेरिकन सिनेटनं डिसेंबर १९९३ मध्ये सुनावणी घेतली, वयाचे शिक्के आले आणि मुलं वाचली. विरोधक हीच कथा उलटी सांगतात : सिनेटरांनी कलेचा गळा धरला. तारखा मांडल्या की दोन्ही कथा कोसळतात.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ दुकानांत आला १९९२ मध्ये. हरलेल्याचं काळीज उपटायचं, मुंडकं कण्यासकट ओढून काढायचं, हे सगळं पहिल्या दिवसापासून त्यात होतं. वर्षभर पोरं नाक्यानाक्यावर नाणी टाकून ते खेळत होती आणि एकाही सिनेटरची झोप उडाली नाही. १३ सप्टेंबर १९९३ रोजी तोच खेळ घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांसाठी विक्रीला आला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ९ डिसेंबरला, सिनेटर लीबरमन आणि कोल यांची सुनावणी भरली. रक्त तेच होतं, ते फक्त दिवाणखान्यात आलं होतं. नाक्यावरच्या दुकानाला परवाना लावता येतो, वेळ ठरवता येते, शिपाई धाडता येतो. मध्यमवर्गीय घरात शिपाई धाडायची सोय लोकशाहीत नाही. मग सरकारच्या हातात एकच गोष्ट उरली : देखरेख आईबापांच्या गळ्यात घालायची.

वयाचा शिक्का म्हणजे नेमकं हेच. सुनावणीच्या धाकानं १९९४ मध्ये कंपन्यांनीच मंडळ स्थापलं आणि डब्यांवर वय छापायला सुरुवात केली. त्याचा परिणाम काय झाला पाहा. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरी आणताना निन्टेन्डोनं रक्त पुसून त्या जागी करड्या रंगाचा घाम दाखवला होता. सेगाच्या यंत्रावर बटणांची एक खूण दाबली की रक्त परत यायचं, आणि पोरांनी कोणता डबा उचलला हे सांगायला नको. शिक्क्यांच्या वर्षात दुसरा भाग आला, तेव्हा निन्टेन्डोवरही लाल रक्त होतं. म्हणजे शिक्क्यानं रक्त घालवलं नाही, परत आणलं. आता डब्यावर वय लिहिलं आहे, पुढचं तुम्ही बघा. कंपनी सुटली, सरकार सुटलं, जबाबदारी घरच्यांवर आली. ज्यांच्या घरी संध्याकाळी आईबाप असतात त्यांना हे परवडतं. बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं चालू असताना आपल्याकडे ‘मुस्तफा’ खेळला जात होता. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण पिवळी टोपी घातलेल्या गड्याच्या नावानं महाराष्ट्रानं त्याचं बारसं केलं. स्टँडजवळच्या दुकानात अंधार करून चार यंत्रं ठेवलेली, गल्ल्यावर मालक, रुपयाला एक कॉईन. पडद्यावर लाथा, सुरे, बंदुका, सगळं रीतसर. इतक्या माणसांना लोळवून एका पिढीचे हात दुखले, तरी हा गेम हिंसक आहे अशी हाकाटी कुणी केली नाही. मालकाकडे विचारणा व्हायची ती परवान्याची, करमणूक शुल्काची आणि शाळेच्या वेळात गणवेशातली पोरं आत कशी, याची.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा व्हिडिओ गेमवरचा मोठा निकाल १९९५ चा आहे, एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य. वॉशिंग्टनमध्ये काळीज उपटण्यावर खल होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. दिल्लीत प्रश्न निराळाच होता : यंत्रात कौशल्य किती, नशीब किती, मालक आतल्या चिपमध्ये फेरफार करून गिऱ्हाइकाला लुबाडतो का, आणि पोलिसांना परवाना मागता येतो का. परवाना मागता येतो, असा निकाल लागला. या प्रश्नांत गैर काहीच नाही, गरिबाचा खिसा वाचवणं हे सरकारचं कामच आहे. माझा मुद्दा इतकाच की हिंसक गेमबद्दलचा वाद आपण कधी घातलाच नाही. जुगाराचा कायदा आपला, हिंसेची भीती उसनी, आणि दोन्हींची सरमिसळ आज पालकसभेत ऐकू येते.

२०२० च्या पब्जीबंदीलाही हीच गत आली. मुलांच्या भल्यासाठी ती झाली, असं आजही सर्रास सांगतात. २ सप्टेंबर २०२० च्या आदेशात ११८ अ‍ॅप होती आणि कारण होतं देशाचं सार्वभौमत्व आणि सुरक्षा. लडाखच्या सीमेवर चीनशी तणाव होता. त्याच्या आदल्या वर्षी राजकोटमध्ये पोलिसांनी पब्जी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली होती, तेवढ्यापुरता मुलांशी थेट संबंध आला, तोही बेड्यांचा. २०२१ मध्ये तोच खेळ देशी नावानं परतला, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा केलेला होता. १९९३ चा करडा घाम आणि २०२१ चं हिरवं रक्त, मधल्या अठ्ठावीस वर्षांत विचार रंगाच्या डब्यापलीकडे गेला नाही.

ही झाली स्वस्तातली काळजी, आता रोज खर्च लागणाऱ्या काळजीसाठी वावरकडे वळतो. १९९२-९३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली आणि या भागाचं नाव राज्यभर झालं. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ दुकानात आला ते वर्ष ते सुनावणीचं वर्ष, नेमका हाच काळ. तुलना अमेरिकेशी नाही, तुलना दोन प्रकारच्या काळजीची आहे. मूल मेलं की पहिला वाद उठतो तो भुकेनं की आजारानं, आणि मागोमाग आईबापांवर बोट जातं : लवकर लग्नं करतात, भगताकडे नेतात, दवाखान्यात यायला उशीर करतात. यातलं काही खरंही असतं. पण जबाबदारी घरावर ढकलायची युक्ती तीच, डब्यावर शिक्का मारायला लावून सिनेटरांनी वापरलेली. त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा तोच प्रश्न मांडला. कारण काम रोजचं आहे. दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, मुलं सोबत जातात, अंगणवाडीच्या वहीत नाव उरतं आणि मूल नसतं. याला अधिसूचनेचा उपयोग नाही.

हिंसा बघून मुलं बिघडत नाहीत असं मला म्हणायचं आहे का? अभ्यास काय सांगतो ते साधं आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २०२० मध्ये म्हटलं की अशा गेमचा आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारख्या वागण्याचा थोडासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. पुरावा आपल्या दारातही आहे. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्र रात्र सोंगं निघतात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा चढवलेला राक्षस संबळाच्या ठेक्यावर अंगावर चालून येतो, मशालीच्या उजेडात त्याचे दात दिसतात, लहान पोरं किंचाळून आजीच्या लुगड्यात शिरतात. शेवटी देवी महिषासुराला मारते. पिढ्यान् पिढ्या मुलं हा वध बघत आली, म्हणून मोखाड्यात वध वाढले नाहीत. मात्र त्या रात्री शेजारी आजी असते, मुखवट्याखालचा माणूस कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि सकाळी खेळ संपतो. फोनवरचा गेम संपू नये म्हणूनच रचलेला असतो. रोज हजेरी लावा, रोज बक्षीस घ्या, उद्या आला नाहीत तर मागे पडाल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला. व्यसनाची ही भीती जुगाराच्या आणि हिंसेच्या भीतीपेक्षा खरी आहे, आणि नेमकं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कारण तिच्यावर अधिसूचना चालत नाही, समुपदेशक नेमावा लागतो.

शिवाय तो फोन पाड्यावर आणला कुणी? २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरवली सरकारनंच. रेंज मिळावी म्हणून मुलं टेकाडावर जाऊन बसली, बापानं उसनवारी करून फोन घेतला. शाळा उघडल्या आणि तोच फोन पोरं बिघडायचं कारण ठरला. आदिवासी बापाला आधी फोन घेत नाही म्हणून अडाणी म्हटलं, मग दिला म्हणून अडाणी म्हटलं. १९१० च्या साहेबाची भोळी रयत अजून गेलेली नाही, ती डोंगरात राहायला आली आहे.

तेव्हा यापुढे मुलांच्या नावानं कुठलीही बंदी आली, तर टाळ्या वाजवण्याआधी त्या आदेशाच्या खालची ओळ वाचावी. पद किती भरणार, पैसा किती देणार, माणूस कुठल्या गावाला पाठवणार, हे तिथे लिहिलं असेल तर बंदीबद्दल बोलू, कदाचित पाठिंबाही देऊ. ते नसेल तर ती बंदी मुलासाठी नाही, आणि पालकसभेत तसं उभं राहून म्हणायला हवं.