भोग आणि राखण

डिचोली तालुक्यातील मये हे गाव पर्यटकांना तेथील तळ्यामुळे ठाऊक असले, तरी गोव्याच्या सरकारी दफ्तरांत त्याचे नाव वारंवार येते ते एका विलक्षण मालमत्तेच्या निमित्ताने. येथील बरीचशी जमीन पोर्तुगीज अमदानीत 'मयेचा काउंट' हा किताब धारण करणाऱ्या घराण्याची; १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, मालक पोर्तुगालवासी झाले, १९६४ च्या कायद्यान्वये ती जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरून कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि ज्या कुळांनी व मुंडकारांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे भात पिकवले, कुळागरे राखली, घरे उभारली, त्यांना मालकीच्या कागदावाचून आणखी अर्धशतक काढावे लागले. २०१४ मध्ये विधानसभेने जुन्या सनदा व मालकीहक्क रद्द करणारा कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीची कहाणी निराळी. मला त्यातला मूळ प्रश्नच अधिक खुणावतो. धनी जे टाकून गेला ते कोणाचे? ज्याच्या नावावर आहे त्याचे, की ज्याच्या वहिवाटीमुळे ते जिवंत राहिले त्याचे?

ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात भोग आणि त्याग एका दावणीला बांधलेले आहेत, आणि धनाचा लोभ धरू नये या निषेधाला लागूनच, हे धन मुळात आहे कोणाचे, अशी शंकाही डोकावते. शंकराचार्यांनी तर आपल्या भाष्यात तेथे उपभोग न घेता पालन घेतले आहे. त्यागाने आत्म्याचे पालन कर, असा त्यांचा आशय. आचार्यांपुढे आत्मज्ञान होते, व्हिडिओ गेमच्या कॅसेटा नव्हत्या, हे मान्य. तरीही भोगणे आणि राखणे या दोन क्रिया एकमेकींच्या इतक्या जवळ असाव्यात, ही गोष्ट आजच्या एका क्षुल्लक भासणाऱ्या वादावर अनपेक्षित प्रकाश टाकते.

तो वाद जुन्या खेळांचा. नव्वदीच्या दशकात घरोघरी दूरदर्शन संचाला जोडलेल्या त्या यंत्रांची कॅसेट चालेनाशी झाली की मुले तिच्या तोंडाशी फुंकर घालीत. काळवंडलेल्या तांब्याच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या की पडद्यावर पुन्हा मारिओ उड्या मारू लागे. पोकेमॉनच्या जुन्या कॅसेटांत तर नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर खेळणाऱ्याची सारी कमाई जतन होते, आणि पंधरावीस वर्षांनी ती निकामी झाली की खेळ शाबूत राहतो, पण खेळणाऱ्याचा त्यातील संसार पुसला जातो. खेळ विकणाऱ्या कंपन्यांपैकी कित्येक बुडाल्या, कित्येक विकल्या गेल्या, आणि उरलेल्यांना आपल्या जुन्या मालात स्वारस्य नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळत नाहीत. मालक आहे, वारस आहे, कायद्याचे कवच आहे. नाही ती केवळ वहिवाट.

अशा खेळांच्या प्रती ग्रंथालयांनी दूरच्या अभ्यासकांना त्यांच्या घरी वापरू द्याव्यात, हा अर्ज तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नामंजूर केला. जतन केलेला खेळ लोक करमणुकीसाठी खेळतील, ही भीती त्यामागच्या कारणांत होती. मला हे कारण वाचून हसू आले, आणि मग थोडा विषादही वाटला. ग्रंथालयातील कादंबरी कोणी आनंदासाठी वाचील म्हणून तिला कुलूप घालावे, असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. पेडण्याच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरते, संवाद नट रंगमंचावरच रचतात, आणि समोर माणसे रंगून बसतात म्हणूनच ते नाट्य पुढच्या पिढीच्या हाती जाते. त्यातला आनंद वजा करून त्याचे जतन करण्याचा हुकूम निघाला, तर जतन करायला काय उरेल?

मराठीच्या पदरीही असे धन पुष्कळ आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले ते नारायण विनायक जगताप या नावाला. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर, हे नंतर उघड झाले. स्वतःचे नाव बाजूला ठेवून कथा लोकांच्या स्वाधीन करण्यात उपनिषदातल्या त्यागाचा एक छोटासा अंश मला दिसतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आज विज्ञान म्हणून जुना झाला आहे, पण त्याचा वाचक विज्ञान शिकायला जात नाही. मागच्या माणसांनी कोणते भविष्य मनात बाळगले होते ते पाहायला जातो. संगणकावरील प्रारंभीच्या मराठीची दशा मात्र अधिक बिकट. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी जो तो आपापला फॉन्ट वापरीत असे, आणि तो फॉन्ट नाहीसा झाला की पानावर मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. तो मजकूर पुन्हा देवनागरीत आणण्याचे काम सहसा कोणी सरकारी हुकमाने करीत नाही. तो पुन्हा वाचण्याची ज्याला ओढ आहे, तोच रात्री बसून करतो.

येथे लोभाचाही विचार करावा लागतो, कारण राखणाऱ्यालाही हाव सुटते. जे जे कधी पडद्यावर उमटले ते ते कायमचे साठवावे, ही वृत्ती मला शुद्ध भक्तीची वाटत नाही. चतुर्थीची मातीची मूर्ती विसर्जनासाठीच घडवलेली असते, आणि ती न बुडवता कपाटात ठेवणाऱ्याला कोणी अधिक भाविक म्हणत नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद करताना गूगलने सार्वजनिक समूहांतील संवाद काही काळ वाचण्यास खुले ठेवले, आणि प्रत्येकाला आपापली छायाचित्रे व मजकूर उतरवून घेण्यास मुदत दिली. ही विभागणी मला रास्त वाटते. चारचौघांसाठी मांडलेला खेळ वा कथा राखण्याचा हक्क वहिवाटदाराला असावा. मित्राने मित्राला लिहिलेल्या चार ओळींवर मात्र त्याचा दावा चालू नये, आणि ज्यांनी मुदतीत काहीच उतरवून घेतले नाही, त्यांच्या त्या विसरण्यालाही मी त्यांचा हक्कच मानतो.