दिशा कुठून येते? केंद्रकाचे द्वार आणि जैन निमित्तविचार

पेशीतील प्रथिने केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातल्या रायबोसोमांवर तयार होतात. त्यांतल्या ज्यांचे काम डीएनएपाशी असते, त्यांना केंद्रकाच्या दुहेरी पटलातून आत जावे लागते. त्यांना इच्छा नाही, ज्ञान नाही. तरी ती आत जाऊन साठतात. अचेतन वस्तू योग्य ठिकाणी पोचत असेल, तर तिला चालवणारा कोणी जाणता मानावा लागतो काय? भारतीय दर्शनांतला हा जुना वाद आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत मानावाच लागतो, असा पक्ष मांडला: परमाणू जड आहेत, म्हणून त्यांना एकत्र आणणारी हालचाल चेतन कर्त्यावाचून संभवत नाही. जैन दर्शनाने असा कर्ता मानला नाही.

या जैन विचाराचे मूळ ग्रंथ आज वाचायला मिळतात, त्यात सोलापूरचा वाटा मोठा आहे. तिथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग आला; संपादक होते आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन. कर्मसिद्धांताचा आधारग्रंथ असलेल्या षट्खंडागमाची धवला टीका १९३९ पासून अमरावतीहून निघू लागली होती. तिची संशोधित आवृत्ती १९७३ पासून सोलापूरहून निघाली. जड द्रव्य कसे हलते आणि कसे आत येते, हा या परंपरेचा मध्यवर्ती विषय आहे.

आता पुन्हा पेशीकडे. केंद्रकाच्या पटलाला हजारो रंध्रे असतात. प्रत्येक रंध्र सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांचे बनलेले असते. लहान रेणू त्यातून आपोआप पसरतात. साधारण चाळीस हजार डाल्टनांहून मोठ्या प्रथिनांना मात्र वाहक लागतो. अशा प्रथिनाच्या साखळीतच एक छोटी खूण असते. एसव्ही४० या विषाणूच्या प्रथिनातली ही खूण १९८४ मध्ये सापडली. ती अवघ्या सात अमिनो आम्लांची आहे. त्यातले एक लायसिन बदलले की प्रथिन बाहेरच राहते, आणि तीच खूण बाहेरच्या एखाद्या प्रथिनाला जोडली की तेही केंद्रकात शिरते. इम्पोर्टिन अल्फा ही खूण धरते, इम्पोर्टिन बीटा या जोडीला रंध्रातून नेते. आत रॅन नावाचे छोटे प्रथिन जीटीपी नावाचा रेणू बांधलेल्या रूपात असते. ते इम्पोर्टिन बीटाला चिकटले की आणलेले प्रथिन सुटते. मग वाहक रॅनसह बाहेर येतो, तिथे जीटीपीचे विघटन होते आणि वाहक मोकळा होतो.

तेव्हा दिशा खुणेत आहे की दारात? दारात तर नाहीच. रंध्र कोणाला ढकलत नाही. वाहक त्यातून दोन्हीकडे जाऊ शकतो आणि त्या ओलांडण्याला स्वतंत्र ऊर्जाही लागत नाही. खूण तरी दिशा जाणते काय? १९९९ मध्ये मॅक्सन्स नाशुरी आणि कार्स्टन वाइस यांनी पेशीद्रवात जीटीपीयुक्त रॅन भरपूर ठेवून पाहिले, आणि वाहतूक उलटी झाली. खूण तीच, वाहक तोच, रंध्र तेच. बदलला तो दोन बाजूंमधला फरक. या प्रयोगाला तत्त्वज्ञानातही वजन मिळायला हवे. ‘आत जाणे’ हा यातल्या कोणत्याही एका घटकाचा गुण नाही.

जैन मांडणी इथे उपयोगी पडते. बदल ज्या द्रव्यात घडतो ते त्याचे उपादान, आणि ज्याच्या सान्निध्यात घडतो ते निमित्त. गतीला साहाय्य करणारे धर्मद्रव्य हे उदासीन निमित्त: पाणी माशाला पोहू देते, पोहायला लावत नाही. रंध्राचे वर्णन याहून नेमके करणे अवघड आहे. कुंदकुंदाचार्य समयसारात जीव आणि पुद्गल (जड द्रव्य) एकमेकांचे निमित्त होतात असे सांगतात, पण एक दुसऱ्याचे परिणमन करत नाही. कर्ता न मानताही सुसूत्र घडामोड कशी समजावी, याची ही शिस्त आहे.

साम्य याच्यापुढे ताणू नये. आस्रव, म्हणजे कर्मपुद्गलाचे जीवाकडे येणे, हे बंधाचे कारण आहे आणि संवराने, म्हणजे ही आवक रोखून, ते थांबवायचे असते. केंद्रकातली आवक थांबली तर पेशी मरते. शिवाय आचार्यांना पेशी ठाऊक होती, असे म्हणणे त्यांच्या विचाराचा गौरव नव्हे.

खरा कठीण प्रश्न दोन बाजूंमधल्या त्या फरकाचा आहे. आत जीटीपीयुक्त रॅन तयार करणारे आरसीसी१ हे प्रथिन गुणसूत्रांवर बसलेले असते. पेशी विभागताना पटल विरघळते, तरी ते गुणसूत्रांपाशी राहते आणि नवे पटल त्यांच्याभोवतीच उभे राहते. पण आरसीसी१ स्वतः बाहेर तयार होते आणि वाहकांच्या साह्याने आत येते. म्हणजे आवक फरकावर अवलंबून आणि फरक आवकेवर. जीव-कर्माच्या अशा परस्परावलंबनाला जैन दर्शन अनादी म्हणते. जीवशास्त्राला तसे म्हणता येत नाही. जिवाणूंना केंद्रक नाही. केंद्रकयुक्त पेशी पृथ्वीवर पुढे, जिवाणूंच्या फार नंतर आल्या, म्हणून या वर्तुळाला कुठेतरी सुरुवात आहे. आधी पटल आले की आधी निवडक वाहतूक, यावर जीवशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.